कात्री धार लावून आणली तरी कापड चघळते, डिझाईनमध्येच काही सुधारता येईल का?

अस्तरवाली

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. मी घरी शिवणकाम करते. माझी दहा इंची कात्री आहे, सहा वर्षं झाली असतील, सुरुवातीला नुसती पुढे सरकवली तरी कापड सुटत जायचं. मग हळूहळू टोकाकडची दोन-अडीच इंचं कापेनाशी झाली, म्हणजे सुती कापड कापायची पण अस्तराचं मऊ कापड घातलं की ते कापलं जायच्या ऐवजी दोन पात्यांच्या मध्ये दुमडून बसायचं आणि मी आपली मागे ओढून सोडवत बसायची.

शेवटी धार लावून आणली. धार लावणाऱ्याने फिरत्या चाकावर दोन्ही पाती आतून-बाहेरून मस्त घासली, ठिणग्या उडाल्या, मला वाटलं आता काय बघायलाच नको. घरी येऊन बघते तर आधीपेक्षा वाईट! नखावर अलगद टेकवली तर धार जाणवते, बोट कापेल इतकी आहे, पण अस्तर? छे. आता मधूनही चघळते.

तर मुद्दा असा की इतकी जुनी वस्तू आहे, आतापर्यंत कुणीतरी अशी कात्री बनवायला हवी होती ना जी स्वतःची धार स्वतः धरून ठेवेल? माझ्या डोक्यात एक आयडिया आहे, कात्रीच्या कव्हरमध्येच दोन बाजूंनी धार लावायच्या दगडाच्या पट्ट्या बसवायच्या, म्हणजे काढता-घालताना आपोआप घासली जाईल. भाऊ म्हणतो सरळ कडक स्टीलची घे. मैत्रीण म्हणते अल्युमिनियमची फॉइल पाच-सहा वेळा काप, होते नीट. तुमचं काय मत?

टूलरूम_काका

ताई, तुमची कात्री बोथट झालीच नव्हती. आधी बिघडलं होतं वेगळंच, आणि धार लावायला नेल्यावर अजून एक गोष्ट बिघडवून आणलीत. रागावू नका, दहातल्या आठ कात्र्यांची हीच कथा असते.

माझी नोकरी प्रेसच्या डाया, म्हणजे पत्रा कापायचे साचे, बनवण्यात गेली. पत्रा कापायचा तर वरचा पंच आणि खालची डाय यांच्यात फट ठेवावी लागते, साधारण पत्र्याच्या जाडीच्या पाच ते दहा टक्के. फट जास्त झाली की पत्रा कापला जात नाही, वाकून आत ओढला जातो आणि कडेला कंगोरे येतात. आता हाच हिशोब तुमच्या अस्तराला लावा. ते कापड जेमतेम दशांश मिलिमीटर जाड, त्याच्या पाच-दहा टक्के म्हणजे फट जवळजवळ शून्यच पाहिजे, वर ते पत्र्यासारखं ताठ नाही, लुळं आहे. म्हणून कात्रीत फट सोडतच नाहीत, दोन्ही धारा एकमेकींवर दाबून घासत जातील अशी रचना करतात. सुरी एकटी कापते, कात्रीचं तसं नाही, तिथे एक पातं दुसऱ्याला किती चिकटून चालतंय यावर सगळं.

आता एक करून बघा. कात्री पूर्ण मिटा आणि कडेनं उजेडासमोर धरा, म्हणजे दोन पात्यांच्या मधून पलीकडचं दिसेल अशी. चांगल्या कात्रीत खिळ्याजवळ आणि टोकाशी पाती टेकलेली असतात आणि मध्ये उजेडाची बारीक रेघ दिसते. ती रेघ म्हणजे दोष समजू नका, मुद्दाम ठेवलेली असते. प्रत्येक पात्याला किंचित बाक दिलेला असतो, धनुष्यासारखा. त्यामुळे कात्री मिटत जाते तेव्हा पाती फक्त एका ठिकाणी एकमेकांना भिडतात आणि तो बिंदू खिळ्यापासून टोकापर्यंत सरकत जातो. शिवाय पात्याची आतली बाजू सपाट नसते, खोलगट घासलेली असते, म्हणजे आतून फक्त धारेची कड घासते, बाकीचं पातं अधांतरी. आणि खिळ्याच्या मागे, मुठीच्या बाजूला, आतून अर्धचंद्रासारखा छोटा घासून गुळगुळीत झालेला भाग दिसेल, तो दुसऱ्या पात्यावर टेकून पाती कलती करतो आणि धारा एकमेकींवर दाबून ठेवतो.

शेफिल्डमध्ये फक्त एवढ्याच कामाचा वेगळा कारागीर असतो, त्याला पुटर म्हणतात, म्हणजे जोडणारा. हातोडीनं हलके ठोके देत, उजेडात बघत तो बाक बसवतो. धार लावणं त्याच्या मानानं सोपं काम.

तुमच्या माणसानं आतली बाजू चाकाला लावली तिथे खोलगटपणा गेला. आता पातं आतून जिथे-तिथे टेकतंय आणि धार नेमकी वर उचलली जातेय. कात्रीला धार फक्त बाहेरच्या उतारावर लावायची, आतून एकदाच अगदी हलका हात, तोही घासताना उभी राहिलेली तारेसारखी कड, जिला आम्ही बर म्हणतो, ती पाडण्यापुरता.

तुमच्या कव्हरच्या आयडियात हाच घोटाळा आहे. दगडाची पट्टी आतल्या बाजूला लागणारच, आणि काढताना हात रोज वेगळ्या कोनात. सहा महिन्यांत वाट. फॉइलनं धार लागत नाही, वळलेली कड थोडी सरळ होते, म्हणून दोन दिवस बरं वाटतं.

निवांत

आम्ही आजवर कात्री पडली की आवाज ऐकून सांगायचो की गेली 😄 काका, हे पत्र्याचं गणित भारीच.

पण ताईंचा मूळ प्रश्न मला आवडला, स्वतःची धार स्वतः धरणारं पातं. हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नका. उंदराला कुणी कधी धार लावायला नेलेलं पाहिलंय का? त्याच्या पुढच्या दातांना कडक इनॅमल फक्त पुढच्या बाजूला असतं, मागे मऊ डेंटीन. कुरतडताना मागचं लवकर झिजतं, पुढची कडक पट्टी टिकून राहते आणि काठ कायम छिन्नीसारखा. मग कात्रीत का नाही? एक बाजू कडक, एक मऊ.

टूलरूम_काका

निवांत, चेष्टेत बोललात पण बरोबर बोललात. यंत्रांच्या पात्यांना एका बाजूनं कडक थर द्यायची पद्धत आहेच. कात्रीत तो थर आतल्या बाजूला द्यायला हवा, कारण धार लावताना आपण घासतो बाहेरून, आतला थर तसाच राहतो. सोनेरी दिसणाऱ्या कात्र्या बघितल्या असतील, तो टायटॅनियम नायट्राइडचा थर, स्टीलपेक्षा कितीतरी कडक पण जाडी जेमतेम एक ते पाच मायक्रॉन, केस सत्तरेक मायक्रॉनचा असतो म्हणजे विचार करा. बाहेरच्या उतारावर दिलेला थर पहिल्याच धारेला उडून जातो, तो फक्त दिसायला. आतल्या बाजूचा उपयोगाचा, पण अट एकच, खालचं स्टील बरं हवं. मऊ स्टीलवर कडक थर म्हणजे गादीवर काच.

भावानं सांगितलेलं कडक स्टील खोटं नाही. साध्या कात्रीचं स्टील कडकपणाच्या रॉकवेल मापावर 54 च्या आसपास असतं, चांगल्या कात्रीचं 58 ते 60 पर्यंत जातं. धार जास्त टिकते. पण तेवढी कडक कात्री टाचणीवर बसली की कड वळत नाही, टवका उडतो. आणि खिळा सैल असेल तर 60 ची कात्री पण अस्तर चघळणारच.

मशीनखाली

मी धंद्यानं टेलर, रोज आठ-दहा तास कात्री हातात. काका बोलले त्यात माझ्याकडून थोडी भर.

तुमच्या टोकाकडची दोन इंचं आधी गेली म्हणालात ना ताई, तो खिळ्याचाच आजार. खिळ्यात केसाएवढी ढिलाई आली की टोकाला ती कित्येक पटीनं दिसते, मुळाशी कळतसुद्धा नाही. आणि दुसरं कुणी सांगत नाही ते सांगतो, कापडाची लव. सुती, फ्लॅनेल कापलं की धूळ उडते ती तेलाला चिकटून खिळ्याच्या आत गोळी होऊन बसते, अगदी नमद्यासारखी घट्ट. ती गोळी पाती एकमेकांपासून लांब ढकलते. लोकांना वाटतं धार गेली. मी कात्री पूर्ण उघडून खिळ्याजवळून दोऱ्याचा तुकडा ओढून काढतो, दात साफ केल्यासारखा, मग मशीनच्या तेलाचा एक थेंब, दोन-चार वेळा उघड-मिट, आणि फडक्यानं पुसायचं, नाहीतर पहिल्याच कापडाला डाग.

रिव्हेटवाली कात्री मी घेतच नाही. ढिली झाली की ऐरणीवर ठेवून ठोकावी लागते, जास्त ठोकली की जाम, कमी ठोकली की तशीच. स्क्रू पाहिजे.

कापडाच्या कात्रीनं कागद कापू नका हे सगळे सांगतात, पण का ते कुणी सांगत नाही. कागदात खडू, चिनी माती असं भरलेलं असतं, तो बारीक पॉलिश पेपरच झाला. आणि चमक कमी केलेल्या सिंथेटिक कापडातही टायटॅनियम डायऑक्साइड असतं, गिरण्यांत तसल्या धाग्याचे गाईड म्हणूनच सिरॅमिकचे बसवतात, लोखंडाचे चिरतात. म्हणजे अस्तर कापताय तर कात्री झिजणारच, फक्त हळूहळू.

त्रिज्या

डिझाईन हा शब्द वाचून थांबले, मेकॅनिकलला आहे, त्यामुळे थोडं गणित सहन करा 🙏

सरळ पात्यांच्या कात्रीत एक मूळचाच प्रॉब्लेम आहे. समजा धारेची रेघ खिळ्याच्या मध्यापासून अर्धा सेंमी बाजूला आहे. मग खिळ्यापासून 1 सेंमीवर कापताना दोन धारांमधला कोन येतो 60 अंश, 2 सेंमीवर 29, आणि 10 सेंमीवर, म्हणजे टोकाशी, जेमतेम 6 अंश. दोन्ही टोकं वाईट. मुळाशी कोन इतका मोठा की कापड किंवा पुठ्ठा कापला जाण्याआधी पुढे सटकतो, आपण सगळेच म्हणतो ना कात्री पुढे ढकलते. टोकाशी कोन इतका लहान की एकदम लांब पट्टा कापावा लागतो, आणि नेमकं तिथेच हाताचा जोर सगळ्यात कमी पोचतो कारण खिळ्यापासून अंतर जास्त.

सटकणं कधी थांबतं? घर्षणावर आहे. घर्षणाचा गुणांक 0.3 धरला तर कोन 33 अंशांच्या आत असेल तोवर माल पकडला जातो. म्हणजे तीसच्या आसपासचा कोन मुळापासून टोकापर्यंत कायम मिळाला तर काम झालं. आणि तसा वक्र आहे! लॉगरिदमिक स्पायरल, मध्यापासून कुठेही रेघ काढा, वक्राशी कोन तोच. दोन्ही पात्यांना असा वक्र दिला, प्रत्येकी 15 अंशांचा, की कापायच्या जागी कोन नेहमी 30. जपानच्या प्लस कंपनीने 2012 मध्ये याच तत्त्वावर कागदाची कात्री बाजारात आणली, बर्नुली कर्व्ह म्हणतात ते. गणितज्ञ याकोब बर्नुलीला हा वक्र इतका आवडायचा की आपल्या थडग्यावर तो कोरा म्हणून सांगून गेला, आणि कोरणाऱ्यानं कोरला भलताच, आर्किमिडीजचा स्पायरल, स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला अजून आहे. बिचारा.

1 सेंमीपासून 10 सेंमीपर्यंत कापायला प्रत्येक पातं साधारण 35 अंश फिरावं लागतं, मी हिशोब करून बघितला, म्हणजे हाताला झेपण्यासारखं आहे.

मशीनखाली

गणित डोक्यावरून गेलं पण पुढे ढकलते ते शंभर टक्के पटलं. फक्त एक अडचण सांगू का. कापडाची कात्री हवेत चालत नाही, खालचं पातं टेबलावर टेकवून चालते. म्हणूनच तर मूठ वर वाकवलेली असते, कापड उचललं जाऊ नये म्हणून. खालच्या पात्याला पोट आलं तर कापड डुलणार आणि दोन थर असले की वरचा एकीकडे, खालचा दुसरीकडे. एक बाही लहान, एक मोठी. गिऱ्हाईक मला बडवेल.

त्रिज्या

अरे हो, टेबलाचा विचारच केला नव्हता. वक्र धारेला द्यायचा, खालच्या पात्याची पाठ सपाटच ठेवायची असं करता येईल पण मग पातं मध्ये रुंद होईल. किंवा खालचं सरळ आणि वक्र फक्त वरच्याला, मग कोन अगदी एकसारखा राहणार नाही पण 60 ते 6 पेक्षा नक्कीच बरा. कागदाच्या लहान कात्रीचं उत्तर जसंच्या तसं कापडाला लावता येत नाही एवढं मान्य.

उलटा_हात

मी डावखुरा, त्यामुळे या सगळ्याचा मार मी लहानपणापासून खातोय. उजव्या हातानं कात्री मिटताना अंगठा नकळत बाहेर ढकलतो आणि बोटं आत ओढतात, त्यानं धारा एकमेकींवर दाबल्या जातात. डाव्या हातात तीच हालचाल पाती एकमेकांपासून लांब नेते. म्हणजे तुम्हा लोकांची अर्धी ढिली कात्री पण चालून जाते कारण तुमचा हात ती सांभाळून घेतो, माझ्या हातात तीच कात्री कागद दुमडते. आणि लोक म्हणतात उलटी करून धर. अहो उलटी केली तरी वरचं पातं उजवीकडेच राहतं, आखलेली रेघ त्याच्यामागे लपते. डावखुऱ्यांच्या कात्रीची पाती मुळातच आरशात बघितल्यासारखी उलट जोडावी लागतात, नुसती मूठ बदलून उपयोग नाही. 'दोन्ही हातांसाठी' असं लिहिलेल्या बहुतेक कात्र्यांत फक्त मूठ सरळ केलेली असते.

मला त्यामुळे कात्री निवडायची एक परीक्षा सापडली आहे. डाव्या हातात नीट कापली तर ती उत्तम जोडलेली, कारण तिथे हाताची मदत शून्य.

टूलरूम_काका

उलटा_हात, तुमची परीक्षा मी आता वापरणार, खरंच चांगली आहे. डिझाईन सुधारायचं म्हणजे हेच, हाताच्या सवयीवर जे सोडलंय ते सांध्यानं करायला हवं.

मला विचाराल तर पहिला बदल मी स्क्रूत करीन. साध्या कात्रीत स्क्रूचे आटे एका पात्यात असतात आणि दुसरं पातं स्क्रूच्या डोक्याखाली फिरतं. फिरताना ते डोक्याला सोबत ओढतं, मिटताना एकीकडे, उघडताना दुसरीकडे, दिवसातून हजारो वेळा. स्क्रू सैल होईल नाही तर काय होईल? इलाज जुनाच आहे. डोक्याखाली असा वॉशर ठेवा जो एका पात्याच्या खाचेत अडकून बसतो, फिरत नाही, मग ओढाताण वॉशरवर जाते, स्क्रूपर्यंत पोचत नाही. त्याला जोडून किंचित बशीसारखा वाकवलेला स्प्रिंग वॉशर. आतलं काही झिजलं तर स्प्रिंग तेवढी जागा भरून काढते, पाती दाबलेलीच राहतात. केस कापायच्या महाग कात्र्यांत हे असतंच, वर बोटानं फिरवायची चकती पण असते. शिवणाच्या कात्रीत का देत नाहीत, मला न सुटलेलं कोडं आहे.

ताई, तुमच्या कात्रीचा खोलगटपणा परत आणायला जाणकार माणूस लागेल, घरी ते होणार नाही. पण आधी उजेडात बघून सांगा.

अस्तरवाली

बघितलं! रात्री सगळे झोपल्यावर टेबललॅम्पसमोर धरली. रेघ आहे, पण फक्त खिळ्याकडच्या अर्ध्या भागात, पुढे पाती चिकटून सपाट, आणि टोकं एकमेकांना टेकतच नाहीत, टोकाशी पुन्हा फट. मग मशीनखाली दादांनी सांगितलं तसा दोरा खिळ्याजवळून ओढला तर काय निघावं, राखाडी रंगाची अख्खी गोळी, मुगाच्या दाण्याएवढी, त्यात गेल्या वर्षीच्या निळ्या कॉर्डुरॉयची लव स्पष्ट दिसत होती 🙈 ती काढून तेल दिलं. सुदैवानं रिव्हेट नाही, स्क्रू आहे. तो चिमूटभर आवळला, घड्याळाचा मिनिटकाटा पाच मिनिटांत सरकतो तेवढाच, कारण त्याच्यापुढे उघडतानाच कुरकुर करायला लागली.

आता टोकाचा अर्धा इंच सोडला तर अस्तर कापतेय! धार तीच, त्याच माणसानं बिघडवलेली. मधला सपाट झालेला भाग अजून थोडा ओढतो, तिथे कापडाची कड पिसारल्यासारखी होते.

काका, एक शंका. स्क्रूखाली मी बॉलपेनच्या स्प्रिंगचा एक वेढा कापून घातला तर? माझ्याकडे बशीचा वॉशर नाही.

टूलरूम_काका

नको! बॉलपेनची तार बारीक असते, एका जागी टेकते आणि डोकं कलतं बसतं, मग स्क्रू तिरका होऊन भोकच लांबट होईल. ते झालं की मग कुणीच काही करू शकत नाही. जुन्या बंद पडलेल्या वस्तूत शोधा, नळाच्या मुठीत नाहीतर घड्याळात पातळ वाकवलेले वॉशर सापडतात. बाहेरचा व्यास स्क्रूच्या डोक्यापेक्षा मोठा नको.

आणि परीक्षा घ्यायची असेल तर टिश्यू पेपरचा एक पदर ओला करा आणि मुळापासून टोकापर्यंत एका दमात कापा. कोरडा कागद सगळं माफ करतो, ओला नाही.

उलटा_हात

आणि डाव्या हातानं कापून बघा ताई 😄

अस्तरवाली

बघितलं. ओला टिश्यू उजव्या हातानं तीन-चतुर्थांश गेला, मग फाटला. डाव्या हातानं सुरुवातच झाली नाही, नुसता गोळा. म्हणजे अजून माझाच हात ओढतोय गाडा. वॉशर सापडला तर परत लिहिते, जुन्या टेबलफॅनचा गाभा उघडून बसले आहे.